शून्य फॅटचं दूध आणि सरांचं उत्तर

२००२ सालचा फेब्रुवारी, शनिवार, दुपारची वेळ. ठिकाण नारायणगावातलं माझं ऑफिस. हजर दोघं: मी आणि सुनीता. तिनं आणलेली फ्लॉपी मी कॉम्प्युटरात घातली, तिचा प्रोग्रॅम सुरू केला आणि विचारलं, "फॅट किती टाकू?"

"कितीबी टाका काका. काय फरक पडत नाय."

मी ४२ टाकलं. म्हणजे ४.२ फॅट, गाईचं चांगलं दूध. स्क्रीनवर आलं ०.०. मग ६५ टाकलं, म्हणजे म्हशीचं. तरी ०.०.

"सगळ्या गावाच्या दुधाचं पाणी केलंस की."

ती हसली नाही. सोमवारी सकाळी मंचरजवळच्या एका दूध डेअरीत हाच प्रोग्रॅम दाखवायचा होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चेअरमन अजून ठणठणीत आहेत. डेमो जमला तर डेअरीचं बिलिंग सुनीताकडे येणार होतं, म्हणजे कॉम्प्युटर शिकून मिळवलेलं तिचं पहिलं काम. नाही जमला तर डेअरी पुण्याहून तयार सॉफ्टवेअर आणणार होती आणि सुनीता पुन्हा माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या काउंटरवर पावत्या फाडत बसणार होती. तिला ते नको होतं. खरं सांगायचं तर मलाही नको होतं, तिचं अक्षर फार वाईट.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुधाचा भाव फॅटवर ठरतो. डेअरीतलं यंत्र ४.२ असा आकडा दाखवतं. सकाळी कॅन घेऊन रांग लागलेली असते, त्यामुळे टाइप करणारा माणूस टिंब देत बसत नाही. तो ४२ मारतो आणि प्रोग्रॅमनं त्याला दहानं भागून ४.२ करायचं असतं. सुनीतानं हे सी भाषेत लिहिलं होतं. सी भाषेची एक खोड आहे. पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनं भागलं, तर ती टिंबापुढचं सगळं फेकून देते. ४२ भागिले १० बरोबर ४. आणि ४९ भागिले १० बरोबरही ४. म्हणजे एकोणपन्नासवाला आणि चाळीसवाला एकाच भावात. असलं बिल वाटलं असतं तर लोकांनी कॉम्प्युटर विहिरीत टाकला असता.

तेव्हा सुरुवातीला शून्य येत नव्हतं, ४.० येत होतं. शून्यापर्यंतचा प्रवास आमच्या ग्रुपनं घडवला.

हा ग्रुप म्हणजे ई-मेलचा. एकानं मेल टाकला की सगळ्यांना पोचायचा आणि उत्तरही सगळ्यांना दिसायचं. जुन्नर-आंबेगावातली प्रोग्रॅमिंग शिकणारी पोरं, काही पुण्यात नोकरीला गेलेली, काही मास्तर, असे चाळीसेक जण होते. देवनागरी फॉण्ट कुणाच्याच मशीनवर धड उमटत नसे, त्यामुळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची. मी पतसंस्थांची सॉफ्टवेअर करणारा माणूस, म्हणून ग्रुपचे नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी परदेशातल्या दोन-तीन ग्रुपांचे नियम वाचले. सगळीकडे एकच रड होती: नवशिक्यांना शिव्या देऊ नका, सौम्य बोला, मान राखा. मीही तेच लिहिलं. वर पतसंस्थेच्या पोटनियमांसारखी कलमं आणि उपकलमं घातली. छान दिसत होतं. कुणी वाचलं नाही ते सोडा.

सुनीतानं मंगळवारी ग्रुपवर विचारलं, "फॅट ४२ दिली तर ४.० का येते?" तासाभरात भोर सरांचं उत्तर आलं. भोर सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. ग्रुपातली निम्मी मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली. सरांनी लिहिलं, "उत्तर ज्यात साठवतेस ते व्हेरिएबल फ्लोट कर." म्हणजे उत्तर ठेवायचं भांडं टिंबवाल्या संख्येचं घे. ऐकायला बरोबर वाटतं. पण भागाकार आधी होतो, टिंबापुढचं तिथंच सांडतं, आणि मग उरलेलं त्या मोठ्या भांड्यात पडतं. भांडं कितीही मोठं घ्या, ४.०च येणार.

त्याखाली सात मेल. "सरांनी अचूक मार्गदर्शन केलं." "सरांशी सहमत." "सर, तुमचं ऋण फेडता येणार नाही." आणि सगळ्यात शेवटी खुद्द सुनीताचा: "धन्यवाद सर, झालं."

मी त्या आठवड्यात ओतूरला एका पतसंस्थेत बसून होतो, मेल उघडले नव्हते. शनिवारी तिच्यासमोर सगळे एकदम वाचले.

"झालं होतं का?" मी विचारलं.

"नाय."

"मग झालं म्हणून का लिहिलंस?"

"सर हायेत ते माझे. चाळीस जणांत त्यांचं चालत नाय असं कसं लिहायचं?"

"आणि चार पॉइंट शून्यचं शून्य कुणी केलं?"

मग तिनं खासगी मेल दाखवले. ग्रुपातल्या तिघांना सरांची चूक कळली होती आणि तिघांनीही गुपचूप तिला एकटीला लिहिलं होतं. पुण्यातल्या किशोरनं लिहिलं, फॅटच फ्लोट घे. मंचरच्या पारसनं लिहिलं, दहाऐवजी १०.० नं भाग. तिसऱ्यानं आणखी एक तिसरंच. प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ होती: सरांना कळू देऊ नको. सुनीतानं तिन्ही उपाय एकदम लावले. डॉक्टर तीन असले आणि एकमेकांशी बोलत नसले की पेशंटचं जे होतं, ते प्रोग्रॅमचं झालं.

मी पारसला फोन लावला. मंचरला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, पण पारस माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो.

"पारस, तुला बरोबर उत्तर येत होतं ना?"

"हो काका."

"मग ग्रुपवर का नाही टाकलंस?"

"काका, भोर सरांचं खातं आहे दुकानात. वडिलांचे मित्र आहेत. वडील म्हणतील, पोरगा चार अक्षरं शिकला आणि सरांना शिकवायला लागला."

"वडील ग्रुपात आहेत का?"

"नाहीत. पण मंचरात आहेत ना."

मी फोन ठेवला.

सुनीता म्हणाली, "काका, तुमीच करून द्या की. दोन मिनिटांचं काम हाय."

खरं होतं. पण उद्या डेअरीत दुसरं काही बिघडलं, की ती पुन्हा चौघांना चोरून विचारणार आणि ग्रुपवर 'झालं' लिहिणार. मी म्हणालो, "तीन खासगी उत्तरांनी शून्य आलंय. चौथं देत नाही. ग्रुपवर लिही. काय केलंस, काय यायला हवं होतं, काय आलं. संध्याकाळपर्यंत कुणी बोललं नाही तर मी आहे."

"सरांना राग आला मंग?"

"डेमो सोमवारी आहे. राग परवडेल."

तिनं लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात अर्धं पान माफी होती, त्यानंतर सरांच्या उपकारांचं वर्णन, आणि फॅट शेवटच्या ओळीत. मी माफी खोडली. तिनं परत घातली. मी परत खोडली. शेवटी 'आदरणीय सर' एवढ्यावर तडजोड झाली. खाली प्रोग्रॅम, खाली तिन्ही खासगी उपाय जसेच्या तसे, फक्त नावं काढून. मेल पाठवताना तिनं डोळे मिटले होते.

संध्याकाळपर्यंत ग्रुप चिडीचूप. मी प्रोग्रॅम घेऊन बसणार, तेवढ्यात पारसचा मेल आला. तिन्ही उपाय शेजारी शेजारी दिसल्यावर त्याला घोळ कळला होता. किशोरच्या सल्ल्यानं फॅट टिंबवाली झाली, पण कीबोर्डवरून आकडा वाचून घेणारी सूचना पूर्ण संख्येचीच राहिली. एक जण पोतं धरून उभा आणि दुसरा बाटलीत ओततोय, म्हणून आत काहीच जात नव्हतं. फॅट पूर्वीसारखी ठेव, फक्त १०.० नं भाग, बास. पाठोपाठ किशोरनंही कबूल केलं, वाचायची सूचना बदलायला सांगायची राहिली. सुनीतानं माझ्यासमोर बदल केला. ४२ टाकलं. ४.२ आलं. तिनं ६५ टाकलं, ३८ टाकलं, मग उगाचच ९९ टाकलं.

रविवारी सकाळी मी गच्चीवर पाण्याची टाकी धूत होतो. खाली स्कूटर थांबली.

"शेटे, खाली या! भांडायचंय मला."

भोर सर होते.

"टाकी होऊ द्या सर."

"टाकी राहू द्या! चार दिवस माझं चुकीचं उत्तर ग्रुपवर बसलंय. सात जणांनी लिहिलंय, सर बरोबर आहेत. सात! मी काय वारलोय का, माझ्याबद्दल चांगलंच बोलायला?"

मी खाली आलो. "सर, तुम्ही ते चालवून बघितलं होतं?"

"कुठं चालवू? प्रॅक्टिकलच्या वेळेला लाईट नसते. वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवतोय. फळ्यावर कधी एरर येत नाही."

त्यांनी माझ्या मशीनवर स्वतःचं उत्तर चालवलं, ४.० डोळ्यांनी बघितलं आणि तिथूनच ग्रुपला मेल टाकला: "मी चुकलो. पारस बरोबर आहे. भोर." आम्ही चहा घेईपर्यंत उत्तरांची रांग. "सर, केवढा मोठेपणा!" "सर, आपण चुकूच शकत नाही, कंपायलर जुना असेल." शेवटचं वाचून सरांनी कपबशी आपटली. बशी तडकली. घरच्यांनी ती अजून ठेवली आहे, पाहुण्यांना देत नाही.

मग आम्ही दोघांनी बसून नियम नव्यानं लिहिले. माझी कलमं-उपकलमं सरांनी एका फटक्यात उडवली. सौम्य बोला हे तर आधी काढलं. "आपली माणसं सौम्यपणानंच मरतायत," ते म्हणाले. उरलं ते एवढंच. उत्तर ग्रुपवर द्यायचं. चोरून दिलेलं उत्तर तपासायला कुणी नसतं. स्वतः चालवून बघितलं नसेल तर 'चालवलेलं नाही' असं लिहायचं. झालं नसेल तर झालं म्हणायचं नाही. उत्तर चुकलं असेल तर चुकलं म्हणायचं, ते कुणाचंही असो. सर म्हणायला बंदी घालावी असं भोर सरांचं म्हणणं होतं, पण ते कुणाच्याच्यानं झालं नसतं. त्याच संध्याकाळी पारसनं सरांची दुसरी एक चूक दाखवली: "आदरणीय सर, क्षमस्व, इथे सेमीकोलन राहिला आहे, पुनश्च क्षमस्व." सरांचं उत्तर: "बरोबर. पुढच्या वेळी एकच क्षमस्व."

सोमवारी सकाळी डेअरीत मी सुनीतासोबत गेलो. कॅन येत होते, यंत्र आकडा दाखवत होतं, सुनीता टाइप करत होती, पावती बाहेर पडत होती. चार-पाच जणांचं बिनबोभाट झालं. मग चेअरमनच्या घरचा कॅन आला. पावतीवर फॅट आली ३.१.

चेअरमननी पावती उलटी-सुलटी करून बघितली. "पोरी, तुझ्या कॉम्प्युटरला म्हणावं जरा नीट बघ."

सेक्रेटरी लगेच म्हणाले, "नवीन हाय ना राव, चुकत आसंल." रांगेतला एक जण म्हणाला, "चेअरमनचं दूध आन् एकतीस? येडं झालं व्हय मशिन!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुनीतानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"चेअरमन," ती म्हणाली, "प्रोग्रॅम बरोबर हाय. यंत्रावरबी एकतीसच आलंय, बघा. दूधच पातळ हाय."

रांगेतला तो माणूस आपल्याच कॅनचं झाकण लावायला लागला. सेक्रेटरी जमिनीकडे बघत पुटपुटले, "हातानं लिवताना आमी अडतीस करायचो. मान म्हणून."

चेअरमननी वाकून यंत्रावरचा आकडा स्वतः वाचला. मग म्हणाले, "घरी इचारतो," आणि कॅन घेऊन निघाले. दारातून वळून सेक्रेटरींना म्हणाले, "पोरगी लई फाटक्या तोंडाची हाय. परोग्राम ठिवा."

नवशिक्यांचा ग्रुप चालवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: शिव्या देणाऱ्याला ग्रुपमधून काढता येतं, माना डोलावणाऱ्याला काढता येत नाही. त्याच्यासाठी नियम करा.

डेअरीनं ठरलेले साडेतीन हजार मार्चअखेर दिले. सेक्रेटरींनी चेक सुनीताच्या वडिलांच्या नावानं काढला होता. तिनं तो चारचौघांत परत केला आणि स्वतःच्या नावानं लिहून घेतला.