दुसऱ्या डोळ्याची रेघ

ओल्या रंगाचा वास आला की मला मामांचा पेणचा गणपतीचा कारखाना दिसतो. एकदा उंच मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना मामा स्टुलावरून पडले आणि डोकं फरशीवर आपटलं. रक्ताचा थेंब नाही, नुसतं टेंगूळ. मी रोह्याहून तिथे गेलो होतो; त्यांच्या पडण्याची मी अशी झकास नक्कल केली, की मामाही पोट धरून हसले आणि पुन्हा कामाला लागले. तासाभराने ते कपाळ दाबू लागले, तेव्हा मला आठवलं, हृदयविकारामुळे त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. डोक्यात रक्त सुटलं तर ते सहज थांबणार नव्हतं. "मामा, दवाखान्यात चला, पाया पडतो तुमच्या!" "देवाला एका डोळ्याचा ठेवून उठू व्हय?" मी ब्रश हिसकावला, त्यांनी दुसरा घेतला. दुसऱ्या डोळ्याची रेघ गालावर घसरली आणि मामा माझ्या अंगावर कलंडले. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळीबद्दल विचारलं. "एक दिवस चुकू दिली नाय मी," मामी अभिमानाने म्हणाली. मामा घरी परतले नाहीत. मामी अजून विचारते, "गोळीनं गेले काय रे?" मी म्हणतो, "नाय गो मामी, उशिरानं." उशीर कोणामुळे झाला, ते ती विचारत नाही.