उपडं घंगाळ

कसबा पेठेतले एक म्हातारे तांबट आम्हा आयटीवाल्यांना दर रविवारी तांब्याच्या भांड्यांचं ठोककाम फुकट शिकवतात. कौतुक करत नाहीत. ठोका चुकला की फक्त स्वतःची हातोडी थांबवून आपल्याकडे बघतात. घंगाळ पुरं झालं की ते जमिनीवर उपडं ठेवतात आणि म्हणतात, "चढा."

माझी पहिली दोन घंगाळं माझ्याच वजनानं चेपली. "अहो, तांबं ठोक्यांनी कडक होतं," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं कुरवाळलंत."

परवा एका कंपनीचे साहेब आले. मशीनवर ठोके उमटवलेलं चकचकीत घंगाळ त्यांनी पुढं केलं. "काका, हुबेहूब तुमच्यासारखं. आता हातोडी ठेवा खाली. आम्हाला फक्त तुमचं नाव द्या."

काकांनी ते निरखून उपडं ठेवलं. शेजारी स्वतःचं ठेवलं, चपला काढल्या आणि त्यावर ताठ उभे राहिले. तांबं जरासुद्धा दबलं नाही.

साहेबांनी आपल्या घंगाळाकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे.

वरूनच काका म्हणाले, "चढा की! माल तुमचाच आहे ना?"