दाऊदमामूचे नव्वद फूट

दाऊदमामूला मी शेवटचं पाहिलं ते टेप ओढताना. ईदचा दुसरा दिवस होता. घरामागच्या नारळांना कुंपण घालायचं त्याच्या मनात आलं होतं, आणि घरात चार बाप्ये बसलेले असताना टेपचं दुसरं टोक धरायला त्यानं मलाच हाक मारली. शंभर फुटी कापडी टेप, चामड्याच्या गोल डबीतली, बाजूचं पितळी हँडल फिरवून गुंडाळायची. मी टोक हातात घेतलं तसा तो लांबूनच म्हणाला, "कडी धर गो शब्बू. पट्टीला बोट लावू नको." मी कडी धरली. तो पाठमोरा न होता उलट्या पावलांनी मागे मागे जात राहिला, सत्तरीतही तोल न जाता, आणि विहिरीपाशी थांबून वाकून आकडा बघत राहिला. मग माझ्याकडे बघून हसला. कुंपणाची ती बाजू किती भरली होती, हे मला त्या हसण्यावरूनच कळलं. तीन आठवड्यांनी पुण्यात ऑफिसमध्ये असताना अम्मीचा फोन आला. "शब्बू, आपला दाऊद..." एवढंच म्हणाली आणि मी तशीच गावाकडे निघाले.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, गेलेल्या माणसासाठीच्या दुआला, ओटीवर बसायला जागा नव्हती. मी आत चहा गाळत होते आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मौलवीसाहेब म्हणाले, दाऊदभाईंनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. शेजारचे मास्तर म्हणाले, मनात राग धरणं त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मग ज्यानं त्यानं तेच म्हटलं, आणि प्रत्येक वेळी मला बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं की हे खरं नाही. पण चार माणसांत मला बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. माझ्या मामूनं एका माणसाचं वाईट चिंतलं होतं. मनापासून, महिनोन्महिने, अत्यंत कष्टानं चिंतलं होतं. त्यात मी त्याच्याबरोबर होते.

आखाती युद्धाच्या वेळी मी अकरा वर्षांची होते. आम्ही सौदीत दम्मामला राहायचो, अब्बा एका ट्रेडिंग कंपनीत होते. अम्मीचा हा थोरला भाऊ तिथून जवळच, एका अमेरिकन कंपनीच्या कंपाउंडमध्ये मैदानाचं काम बघायचा. मैदान बेसबॉलचं. लाल माती चाळून पसरायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, चार कोपऱ्यांवर चार बेस, म्हणजे धावताना गाठायच्या खुणा, बसवायचे. दहा वर्षं त्यानं हे केलं होतं. अमेरिकन लोक त्याला डेव्ह म्हणत. गंमत अशी की त्या दहा वर्षांत त्यानं एकही सामना धड पाहिला नव्हता. खेळ सुरू झाला की तो आपली झारी नि खराटा घेऊन बागेकडे जायचा. मैदानावरचं प्रत्येक अंतर त्याला पाठ होतं. त्या अंतरांचं लोक काय करतात हे ठाऊक नव्हतं.

ऑगस्टमध्ये कुवेत पडलं आणि सगळं बदललं. आमची शाळा आधी अर्धी रिकामी झाली, मग जानेवारीत बंदच झाली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, दाराखाली ओले टॉवेल आले, आणि सगळीकडे एकच बोलणं, विषारी गॅस. कंपाउंडमध्ये गॅस मास्कची खोकी ट्रकमधून आली ती मामूनं आणि लाँड्रीतल्या सुलेमानचाचानं उतरवली. सुलेमानचाचा रायगडकडचा, मामूच्या खोलीत राहायचा. खोकी ठेवायला कोरडी आणि कुलपाची जागा एकच होती, मैदानाशेजारची खेळाच्या सामानाची खोली. तिची किल्ली मामूकडे. म्हणजे सगळ्या कंपाउंडचे मास्क माझ्या मामूच्या किल्लीखाली होते, आणि वाटपाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. लाँड्रीवाले, स्वयंपाकी, माळी, झाडूवाले... कंत्राटावरचं कुणाचंच नव्हतं. यादी करणारा मॅनेजर कायम निळी टोपी घालायचा, कारण तो कंपाउंडच्या निळ्या टीमचा कॅप्टन होता. तो रोज संध्याकाळी येऊन उरलेली खोकी मोजून जायचा. मामूच्या देखत. बोटानं, एक एक.

मामू त्याच्याकडे विचारायला गेला. उत्तर कळलं नाही, पण शब्द त्यानं डोक्यात धरून ठेवले आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आला तेव्हा मला जवळ बसवून म्हणून दाखवले. "डेव्ह, यू पीपल प्रे, डोन्ट यू?" आणि मग तो हसला, असं मामूनं सांगितलं. "तू इंग्लिश शाळेतली. नीट अर्थ सांग. काय म्हणाला तो?" अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि मला मानेनं नको म्हणत होती. मला खोटं सांगता आलं असतं. पण मामू माझ्याकडे असा बघत होता की... मी सांगितलं. "तो म्हणाला, तुम्ही लोक नमाज पढता ना. म्हणजे... मग मास्क कशाला हवा." ताटातले मच्छीचे काटे मामूनं एका रांगेत लावले, सगळे, आणि मग हात धुवायला उठला. त्या क्षणी मला त्या माणसाचा जसा राग आला तसा पुढे कुणाचाच आला नाही. मी मामूला विचारलं, किल्ली तुझ्याकडे आहे, मग एक घेत का नाहीस? तो म्हणाला, "तो मोजतो तो त्यासाठीच. मी घेतला तर तो जिंकला."

भोंगे वाजायचे तेव्हा मामू आणि सुलेमानचाचा तोंडाला ओले टॉवेल बांधून खाटेवर बसून राहायचे. एकदा भोंगा थांबल्यावर टॉवेल काढून सुलेमानचाचा म्हणाला होता, "दाऊद, या टॉवेलला तुझ्या पायाचा वास येतो. मी गॅसनं नाय, यानं मरणार." मामूनं आम्हाला हे हसत हसत सांगितलं. अम्मी हसली नाही. त्या महिन्यांत ती हसायचीच नाही.

गॅस आलाच नाही. युद्ध संपलं, आणि जानेवारीत राहून गेलेली फायनल आता खेळायची ठरली. निळे विरुद्ध हिरवे. हे कळलं त्या आठवड्यात मामू आमच्याकडे एक जाडसर पुस्तक घेऊन आला. बेसबॉलचे नियम, इंग्रजीत. म्हणाला, "वाच. मला समजव, हरतात कसे." मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. धावणारा पोचायच्या आत बॉल पोचला तर माणूस बाद. तीन बाद झाले की पाळी खलास. तिसऱ्या बेसवरून घरी, म्हणजे जिथून बॉल मारतात त्या पाटीवर, पोचला की एक रन. मामू फक्त बाद व्हायचे नियम दोनदोनदा वाचून घ्यायचा, आणि ते जाऊन खोल्यांमध्ये सांगायचा. पंधरा दिवसांत सगळी लाँड्री, सगळा मुदपाकखाना बेसबॉलमधला जाणकार झाला. हिरव्यांशी आमचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आम्हाला माहीत नव्हतं. पण ते निळ्यांसमोर उभे राहणार होते, एवढ्यावर लोक नमाजनंतर त्यांच्यासाठी दुआ मागत होते.

सामन्याच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडणार होते. अम्मी आणि मी सकाळीच गेलो. कुवेतच्या तेलाच्या विहिरी जळत होत्या तेव्हा. आभाळ दुपारीच संध्याकाळसारखं दिसत होतं आणि काळी, तेलकट राख बारीक बारीक पडत होती. मामू गुडघ्यांवर बसून बेसभोवतीची माती हातानं सारखी करत होता. पांढऱ्या रेघा घातल्या की तासाभरात करड्या व्हायच्या. तो परत घालायचा. सुलेमानचाचा दोन बादल्या भरून घेऊन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की निळ्यांचा सगळा भरवसा धावण्यावर आहे, आणि वाटेतली माती जरा मऊ केली की पाय रुततात, दिसत काही नाही. "दोनच बादल्या, दाऊद. राखेनं ओली दिसते म्हणायचं." मी मनात म्हणत होते, ओत, ओत. मामू उठला. बादल्या उचलून त्यानं बागेतल्या जास्वंदीला घातल्या. परत येऊन चाचाला म्हणाला, "असा हरला तर घरी जाऊन बायकोला सांगेल, मैदान खराब होतं. मला तो असा हरायला हवा की सांगायला काही उरता नये." मग त्यानं टेप काढली आणि चारी बाजू पुन्हा मोजल्या. नव्वद फूट. नव्वद. नव्वद. नव्वद. मला तेव्हा तो भित्रा वाटला होता.

आम्ही दूरच्या जाळीमागे बसलो, उलट्या केलेल्या लाँड्रीच्या ढकलगाड्यांवर. सामना मी फारसा सांगत नाही, कारण आम्ही सामना बघतच नव्हतो, एक टोपी बघत होतो. ती बाद झाली की मुदपाकखाना उठून उभा राहायचा. अमेरिकन बायका वळून वळून बघत होत्या, या लोकांना एवढी कसली गोडी. शेवटच्या पाळीत निळे एका रननं मागे होते, दोघं बाद, आणि निळी टोपी तिसऱ्या बेसवर. बॉल मारला गेला तसा तो सुटला. तो धडपडत, घसरत घराच्या पाटीवर आला आणि हात टेकणार तेवढ्यात बॉल धरलेला हातमोजा त्याच्या खांद्याला लागला. हात आणि पाटीमधे वीतभर अंतर होतं, फार तर. अंपायरनं हात उडवला. बाद. संपलं.

तो उठला आणि अंपायरच्या अंगावर गेला. बेस सरकवलाय, म्हणाला. अंतर जास्त आहे, मोजा. मामूकडे बोट दाखवून आणखीही बरंच म्हणाला, ते मला समजलं, मी अम्मीला सांगितलं नाही. मामू शांतपणे मैदानात गेला आणि खिशातून टेप काढली. टोक धरायला अंपायर पुढे झाला, तर निळ्या टोपीनं ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. मीच धरणार, म्हणाला. जो माणूस रोज संध्याकाळी खोकी मोजायचा, तो दुसऱ्याच्या हातात टेप देणार नव्हताच. ते पाटीच्या टोकाला नीट टेकवायचं तर खाली बसावं लागतं. तो सगळ्या कंपाउंडसमोर त्या मातीत गुडघे टेकून बसला, पट्टीवर अंगठा दाबून, आणि माझा मामू डबी हातात घेऊन उलट्या पावलांनी, सावकाश, फार सावकाश मागे जात राहिला. तिसऱ्या बेसच्या मागच्या कडेला थांबला. अंपायरनं वाकून वाचलं आणि मोठ्यानं आकडा सांगितला. नव्वद.

मामूनं टेप गुंडाळली नाही. तो तिथूनच, आपल्या मोडक्या इंग्रजीत, अतिशय अदबीनं म्हणाला, "वन्स मोअर, सर? फर्स्ट बेस ऑल्सो?"

आणि त्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. त्यानंच मागितलं होतं. तो दुसऱ्यांदा गुडघ्यांवर बसला. पुन्हा नव्वद. जाळीमागे कुणी ओरडलं नाही, टाळी वाजवली नाही. सगळे नुसते बघत होते, पोटभर. माझ्या शेजारून एक बारीक आवाज आला म्हणून मी वळले, तर अम्मी तोंडावर ओढणी दाबून हसत होती. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

दोन महिन्यांनी मामूचं कंत्राट वाढवलं नाही. कारण दिलं नाही. इकामा, तिथं राहायचा परवाना, परत घेतला, एक्झिटचा शिक्का बसला, खलास. अब्बा चिडले, म्हणाले एकदा मोजून थांबला असतास तर नोकरी राहिली असती. विमानतळावर मी त्याला विचारलं, वाईट वाटतं का. तो म्हणाला, "नोकरी गेली त्याचं वाटतं. दुसऱ्यांदा मोजलं त्याचं नाय." टेप त्यानं दम्मामच्या बाजारातून स्वतः घेतलेली होती, म्हणून ती कंपनीला परत द्यावी लागली नाही. गावी आल्यावर तिनं त्यानं काय काय मोजलं, कुंपणं, पत्रे, मशिदीत नमाजाला उभं राहायच्या सफा, पोरांची क्रिकेटची पीच. लोकांना त्याची ती शिस्त आठवते आणि ते म्हणतात, किती सरळ माणूस. सरळ होताच. पण जियारतीला सांगितला तसा क्षमाशील वगैरे नव्हता. मीही नाही. तो निळ्या टोपीवाला आज कुठे असेल, असेल की नाही, मला माहीत नाही. त्याचे गुडघे दुखत असावेत, अशी माझी इच्छा आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही मामूची खोली आवरली. अम्मी सगळं धुवायला काढत होती, चादरी, टोप्या, नमाजाचा मुसल्ला. त्यात टेपही होती. पट्टी मळलीय म्हणून तिनं ती साबणाच्या पाण्याकडे नेली. मी तिच्या हातातून घेऊन कडीपासून उलगडली. सगळी पट्टी स्वच्छच होती, इतकी वर्षं तो ती ओल्या फडक्यानं पुसूनच गुंडाळायचा. फक्त कडीला लागून, पहिल्या दोन इंचांत, एक काळा डाग होता. तेलकट, लंबगोल, मधे बारीक बारीक रेघा. मोठ्या माणसाच्या अंगठ्याचा. त्या दिवशीच्या राखेचा.

कडी धर, पट्टीला बोट लावू नको...

अम्मीनं जवळ येऊन बघितलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं हात पदराला पुसले आणि पितळी हँडल फिरवून टेप स्वतःच गुंडाळली, हळूहळू, तो भाग कशाला घासू न देता. डबी आता माझ्याकडे आहे.