आप्पांचे तीन पेले

डायलिसिसला माणूस चार तास एका जागी बांधलेला. बोलणार नाही तर करणार काय? सिस्टर म्हणून लातूरला इतकी वर्षं मशीनशेजारी उभी राहिले, किस्से साठतच गेले. त्यातले बसप्पा आप्पांचे काही केल्या विसरत नाहीत.

आप्पांचं निलंग्याला किराणा दुकान. शुगर जुनी. तपासणीच्या आधी दोन दिवस नुसता कारल्याचा रस न् उपास! रिपोर्ट चांगला आला की स्टँडवर पावशेर जिलेबी. "सिस्टर, एकदा बी नापास झालो न्हाई बघा!" त्या शुगरनंच किडन्या गेल्या. एकदा मशीनकडं बघून म्हणाले, "लई हुशारी केली. फसवलं कुणाला? सोताला."

*

शेजारच्या खाटेवर उदगीरचे गुरुजी. "आमचा वेगळा जिल्हा होऊ द्या, मशीन उदगीरलाच येती!"

"हाव," आप्पा म्हणाले, "तवर किडनीला थांब म्हणून सांगा."

गुरुजींच्या तर कधीच गेल्या होत्या. दोघंही पोट धरून हसले.

*

प्यालेलं अंगातच साठायचं, म्हणून आप्पांना दिवसाला तीनच पेले पाणी. त्यात दुष्काळ पडला. नळ कोरडे, आमची मशीनसुद्धा टँकरवर. "अख्खं लातूर माझंच पथ्य पाळून राहिलं!" म्हणायचे.

एकदा हळूच विचारलं, "सिस्टर, लिंगपूजेचं तीर्थ बी मोजायचं का?"

"मोजायचं!" मी खेकसले. चमचाभर तर असायचं. आजही आठवलं की लाज वाटते.

*

पुढं दम लागायला लागला. पित्त समजून आठ दिवस सोडा पीत राहिले. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, "अटॅक येऊन गेलाय. शुगरमुळं दुखलंच नाही."

"माझ्या घरात कुणी येऊन गेलं, न् मलाच पत्ता न्हाई?"

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

*

दुष्काळ सरायच्या आतच हृदय थकलं, डायलिसिस झेपेना. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, गंगाबाईंना, बाहेर बोलावलं. "आता पाणी मोजू नका. मागतील तेवढं द्या."

दोन वर्षं नवऱ्यापासून तांब्या लपवणारी बाई ती. तिला सगळं कळलं. तोंडात पदर कोंबून रडली. मग डोळे पुसले, भरलेला तांब्या घेऊन आत आली.

"घ्या. डॉक्टर हाव म्हणले."

आप्पांनी तांब्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्यांनाही कळलं असावं.

"आधी तू पी," आप्पा म्हणाले. "सकाळधरनं टँकरच्या रांगेत हुतीस."