बुडबुडे थांबले तेव्हा

नात सातव्या महिन्यातच जन्मली, त्यात ओठ आणि टाळू फाटलेली. सुनेचं बीपी चढलं म्हणून सिझर केलेलं, ती खालच्या वॉर्डात पडून. लेक फौजेत, त्याची सुट्टी अजून मंजूर व्हायची होती. मग सांगलीच्या त्या दवाखान्यात पोरीला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायचं काम माझ्याकडं आलं. तासगावात बेदाण्याच्या शेडवर बायांची मुकादमकी केलेली बाई मी, पण त्या मुठीएवढ्या जिवाला धरावं कसं, तेच मला कळेना.

तिच्या नाकात हवेच्या दोन बारीक नळ्या होत्या. पुढं त्याच हवेची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. बाटलीत बुडबुडे येतायत तोवर हवा छातीत पोचतेय, असं सिस्टरनं समजावलं होतं. फाटल्या ओठानं एक नाकपुडी फाकलेली, तिथं नळी ठरेना. सिस्टरनं पट्ट्या कापून चिकटवून ती कशीबशी बसवलेली. तिथं कशाचाही धक्का लागू द्यायचा नाही, अशी ताकीद होती.

दोन दिवस मी त्या बाटलीवरची नजर काढली नाही. पण सुनेला ओठाचं कळता कामा नये, असा दम मी सगळ्यांना भरला होता. बीपी परत चढेल, हे नुसतं सांगायचं कारण. खरी भीती वेगळीच होती. तिनं लेकराकडं बघून तोंड फिरवलं असतं, तर मला ते सोसलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेला चाकाच्या खुर्चीतून एकदम आतच आणलं. माझी गाळण उडाली. मी पोरीवरचं दुपटं ओढून पार डोळ्यांपर्यंत घेतलं.

त्यात नळी अडकून निसटली. बाटली गप्प झाली. हाक मारायचंसुद्धा मला सुचेना. पोरीचं कपाळ निळं पडायला लागलं. सूनच ओरडली, "सिस्टर, नळी निसटली!"

सिस्टरनं दुपटं भिरकावलं, नळ्या बसवल्या, पाठ चोळली. पाणी हलेना. मग एक बुडबुडा आला, दुसरा आला, आणि हळूहळू पोरीचा रंग परतला. सिस्टर मला वाट्टेल ते बोलली.

आता ओठ उघडाच होता. सून बघत राहिली, दचकली मात्र नाही. मी घाईघाईनं म्हटलं, टाके घालून नीट करतात, तू जिवाला लावून घेऊ नको.

"मला ठाव हाय, आत्या. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीतच दिसलं हुतं. ह्यास्नी बी ठाव हाय."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

तिनं लेकरावरची नजर काढली नाही.

"तुमी हिला पोटात ऱ्हाऊ दिलं नसतं."

मी तोंड उघडलं. पण 'असं कसं बोलतीस' म्हणायला जीभ उचलली नाही, कारण ती खरं बोलत होती.