झालं गार?

जर्मनीतल्या गार्चिंगच्या आमच्या लॅबमध्ये औषधी गांजाचा अर्क काढतात. तिथल्या निवृत्तीला आलेल्या टेक्निशियन बाई अल्कोहोल बर्फागत गार झाल्याशिवाय ते पाल्यावर ओतू देत नाहीत; कमी गार असलं तर पाल्याचा हिरवा रंगही अर्कात येतो. "झालं गार?" एवढंच विचारायच्या. मी हो म्हटलं की "गेनाऊ", म्हणजे 'बरोबर', म्हणून वळायच्या. थर्मामीटर कधी बघायच्या नाहीत.

एकदा घाईत मी खोटंच हो म्हटलं. अर्क हिरवा उतरला. मी तो गुपचूप कोळशातून दोनदा गाळून सोनेरी केला. रंगाबरोबर थोडं औषधही गेलं. साहेबांनी रंगाचं कौतुक केलं, मी थँक्यू म्हटलं. बाईंनी फक्त कचऱ्यातल्या जास्तीच्या फिल्टरकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

अजूनही त्या तसंच विचारतात, "झालं गार?" मी हो म्हणतो. मग त्या चष्मा लावून थर्मामीटर बघतात.