बिनआकड्यांच्या फिती

शनिवार, ३ मे. सकाळी सातला मुलांचं चालणं, बावीसपैकी एकोणीस हजर. नऊला वाचनालयाच्या हॉलमध्ये तक्ता लावला. एकही खाडाखोड नाही. सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं. दुपारी जिन्यापाशी थोडी बोलाचाली. उकाडा फार.

त्या दिवसाची माझी नोंद एवढीच आहे. ‘थोडी बोलाचाली’ हे दोन शब्द लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही, हे आता मला जास्त लागतं. रोज डायरी लिहिण्याला चोपन्न वर्षं झाली. तिच्यात खोटं काही नाही, असं मी अभिमानानं सांगत आले. ते दोन शब्दही खोटे नव्हते. मी फक्त त्यांच्या आड लपले होते.

बोलाचाली झाली ती आमच्या इमारतीतल्या शिवणवालीशी. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथं आली तेव्हा तिच्यासोबत दोन वर्षांची मुलगी आणि पायमशीन, एवढंच होतं. त्याआधी आठ वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात नुसत्या कॉलरी शिवत होती. कारखाना बंद पडला आणि तिनं जिन्याखालची सायकली ठेवायची खोली भाड्यानं घेतली. “तिथं माझ्याकडे माणूस गळ्यापुरताच यायचा,” ती सांगायची, “इथं अख्खा येतो, आणि वर कटकटही करतो.” तोंडात टाचण्या धरून ती बोलायची, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बाहेर पडायचं. त्या खोलीत तिनं मुलीला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. मुलगी न्यायला आली, तर म्हणाली, “तुझ्याकडे येऊन मी करू काय? तुझा नवरा तयार शर्ट घालतो.”

आसपासच्या चार इमारतींतल्या मुलांचे शाळेचे गणवेश तीच शिवायची. तिच्याकडे मोजायची टेप होती, पण ती बायकांसाठी. मुलांचं माप ती फितीवर घ्यायची. मुलाच्या पहिल्या गणवेशाच्या कापडातली लांब पट्टी ती ठेवून द्यायची, तिला नावाची चिठ्ठी टाचायची, आणि दर वर्षी कंबरेचं माप जिथं येईल तिथं कात्रीनं बारीक खाच द्यायची. आकडा कुठंच नाही. सगळ्या फिती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात.

“आकडा ऐकला की पोरं पोट आत ओढतात,” ती म्हणायची. “मग माप चुकतं, आणि शाळेत हूक तुटतो. तुटला की हसतात कोणाला? मला नाही हसत, मावशी.”

तिसऱ्या मजल्यावरची अकरा वर्षांची मुलगी, जिला सगळे गोटी म्हणतात, वर्षाच्या मध्येच खाली यायची. स्कर्ट घट्ट झालेला असायचा. शिवणवाली तिला स्टुलावर बसवायची, शिवण उसवून आतलं दोन बोटं कापड मोकळं करायची आणि वर कापडालाच शिव्या द्यायची, “मेलं धुऊन धुऊन आटतं ग हे.” गोटी मान डोलवायची. दोघींनाही खरं काय ते ठाऊक होतं.

गेल्या वर्षी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी वाचनालयात ‘निरोगी कुटुंब’ हा कार्यक्रम सुरू केला. शनिवारी सकाळी मुलांना रांगेनं तलावापर्यंत चालवत न्यायचं, मग आईवडिलांशी तेल, साखर, झोप, टीव्ही यांबद्दल बोलायचं. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला वेळ आहे, ही दोन कारणं. शिवणवाली शनिवारी तासभर खोलीला कुलूप लावून रांगेच्या अगदी शेवटी चालायची. गोटी तिथंच असायची. मी वहीत हजेरी मांडायचे. शेवटून चालणाऱ्यांना कोण सोबत करतं, असा रकाना माझ्या वहीत नव्हता.

एप्रिलमध्ये नर्सबाई म्हणाल्या, “आपण वजन आत्ता घेतो, पण आधी मुलं कशी वाढत होती हे कळलं असतं तर बरं झालं असतं.” मी लगेच म्हटलं, “मिळेल.” मला डबा आठवला होता.

शिवणवालीनं ऐकून मान हलवली. “नाही, मावशी. त्या माझ्या कामाच्या खुणा आहेत.”

“अग, मी फक्त बघणार. मुलांच्या भल्याचंच काम आहे.”

“भल्याचं असेल. पण आया माझ्यावर विश्वासानं पोरं पाठवतात.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिला शब्द दिला की कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही. ती बराच वेळ मशीनचं चाक हातानं फिरवत राहिली. मग डबा काढून माझ्या हातात दिला. “तुम्ही म्हणता म्हणून,” एवढंच म्हणाली.

दोन दुपारी मी जेवणाच्या टेबलावर फिती पसरून पट्टीनं मोजत होते. सहा-सहा, सात-सात वर्षांच्या खाचा. मला त्या कामात इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते. नर्सबाईंनी बजावलं होतं, नावं नकोत, एक ते बावीस क्रमांक घाला. मी तसा कागद केलाही. पण मला तो बघवेना. क्रमांक चार, क्रमांक पाच, ही काय मुलं आहेत की गोदामातली पोती? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं की अर्धवट नोंद ही नोंदच नव्हे. मी दुसरा तक्ता केला, नावानिशी, लाल आणि निळ्या शाईत. आणि शनिवारी, नर्सबाई रजेवर असताना, तोच भिंतीवर लावला.

दिलेला शब्द मी विसरले नव्हते. आठवत असूनच लावला. नावं चांगल्यासाठीच आहेत, आया खूशच होतील, असं मी मनाशी म्हटलं.

गोटीच्या नावापुढं सगळ्यांत मोठा आकडा होता. दोन मुलांनी तो मोठ्यानं वाचला. ती भिंतीपाशी गेली, स्वतः वाचला आणि घरी निघून गेली.

दुपारी तिची आई जिन्याखाली आली. बँकेतून तशीच उठून आली असावी, गळ्यात ओळखपत्र होतं. मी भाजी घेऊन वर चालले होते.

“माझ्या मुलीचं माप गावभर वाटायला तुला कोणी सांगितलं?” ती शिवणवालीला म्हणाली. “पोरगी दार लावून बसलीय. जेवली नाही!”

“ताई, मी...”

“तू काय तू? मापं तुझ्याकडेच असतात ना? मावशींनी बिचाऱ्यांनी तू दिलंस ते उतरवून काढलं. आजपासून माझ्या घरचा एक रुमालसुद्धा तुझ्याकडे यायचा नाही!”

‘मावशींनी बिचाऱ्यांनी.’ मी कठडा धरून उभी होते. शिवणवालीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग तिनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचायला सुरुवात केली, एकेक करून. तिनं माझं नाव घेतलं नाही. मीही काही बोलले नाही. भाजीची पिशवी जड झाली होती, म्हणून वर गेले.

सोमवारी नर्सबाईंनी तक्ता काढला. “मी नावं नको म्हटलं होतं ना?” त्या हळूच म्हणाल्या. “गडबड झाली,” मी म्हटलं. आयुष्यात मी गडबड कधी केलेली नाही.

मे महिना म्हणजे तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. या वेळी दोन मुलांचे गणवेश आले. बाकीचे दुकानातून तयार आणले. शिवणवाली दारात बसून जुन्या पडद्यांना दोरी घालत होती. गोटी उन्हाळ्यात स्वेटर घालून फिरू लागली. शनिवारी ती आली नाही, पुढच्या शनिवारीही नाही. रांगेच्या शेवटी शिवणवाली एकटीच चालत होती. मी हजेरी मांडत होते.

तिसऱ्या आठवड्यात मी गोटीच्या घरी गेले आणि तिच्या आईला म्हटलं, “नावं मी लिहिली. तिनं नको म्हटलं होतं.”

ती हसली. “मावशी, तुमचं मन मोठं आहे. पण तुम्ही तिला कशाला पाठीशी घालता?”

“पाठीशी नाही घालत. खरं सांगते.”

“बरं, बरं. चहा घेता?”

काही केल्या तिला पटेना. माझ्या पांढऱ्या केसांवर आणि सुबक अक्षरावर तिचा इतका विश्वास होता. मी घरी आले, डायरी घेऊन परत गेले आणि २२ एप्रिलचं पान तिच्यासमोर उघडलं: ‘शिवणवाली डबा द्यायला नाही म्हणाली.’ २३ एप्रिल: ‘पुन्हा गेले. नाव बाहेर जाणार नाही असा शब्द दिला. डबा मिळाला.’ २ मे: ‘क्रमांकांचा कागद बाजूला ठेवला. नावांचा तक्ता छान दिसतो.’

तिनं तिन्ही पानं दोनदा वाचली. चहाचा कप माझ्यासमोर तसाच राहिला.

“आणि त्या दिवशी तुम्ही तिथंच होतात,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तिला नाही नाही ते बोलले. तुमच्यादेखत.”

“हो.”

आतल्या खोलीच्या दारात गोटी उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. मी तिला काही म्हणणार होते, पण ती आत वळली.

त्यानंतर मी डायरी घेऊन बाकीची घरं फिरले. दोघी-तिघींनी दारातूनच “ठीक आहे” म्हटलं. गोटीची आई त्याच आठवड्यात खाली जाऊन शिवणवालीची माफी मागून आली. आजवर तेरा घरं परत आली आहेत. गोटीनं नवा स्कर्ट शिवून घेतला, पण शनिवारी ती अजून खाली उतरत नाही.

सगळ्यांत शेवटी मी जिन्याखाली गेले. खरं तर पहिल्यांदा तिथंच जायला हवं होतं.

“ब्लाउज आणलाय का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग बसा.”

मी स्टुलावर बसले. “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

“हवं होतं.” तिनं दोरा ओवला. “मावशी, एक विचारू? ती एवढी बोलत होती, तुम्ही कठडा धरून उभ्या. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?”

घाबरले होते, असं सांगता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. “सकाळी सगळ्यांनी तक्त्याचं कौतुक केलं होतं,” मी म्हटलं. “ते मला सोडवत नव्हतं.”

तिनं मशीन सुरू केलं आणि शिवण शेवटपर्यंत नेली. दोरा तोडला.

“डबा तुमच्या हातात पुन्हा द्यायची नाही मी,” ती म्हणाली.

“देऊ नकोस.”

“ब्लाउज असेल तर आणा. त्याचं माप टेपनंच घेते.”

त्या दिवशी डायरीत हे सगळं झालं तसं लिहिलं, आणि खाली नेहमीसारखी शेवटची ओळ: टाकी धुतल्यामुळे नळाला पाणी साडेसहाला आलं, दोन बादल्या भरून ठेवल्या.